लांब बाह्या

मंगळवार, ४ मार्च

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, भिंगरी मजेत असेल. मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तू इथं असतानाही कुरकुरायचेच, त्यात नवीन काही नाही. दुकान जोरात चाललंय. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, एकशे चाळीस शर्ट, आणि नेमकी आत्ताच माझी काजवाली रुसून बसली आहे. डॉक्टरांनी चष्मा दिला म्हणून. म्हणते, चष्मा लावून काजं करायची म्हणजे म्हातारं झाल्यासारखं वाटतं. म्हटलं, अगं बाई, बासष्टावं लागलं तुला, आता वाटायचं काय राहिलंय? दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून आली आणि माझ्याच शिलाईतली चूक दाखवली. मेली!

फोन करणार होते. पण तू माझा फोन उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर 'हं'च्या पुढे जात नाहीस. तुझंही बरोबर आहे. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मध्येच 'हं' म्हणता येत नाही.

मुख्य गोष्ट सांगते, रागावू नकोस. मी तुला बघून आले.

परवा रविवारी मी आणि काजवाली, दोघी दोन बस बदलून तुझ्या पोहण्याच्या तलावावर आलो. पोरांच्या आया बसतात ना वरच्या बाकांवर, तिथं खांबाच्या आडोशाला बसलो. पाण्यातल्या औषधाच्या वासानं नाकातून पाणी यायला लागलं, काजवालीचा नवा चष्मा वाफेनं पांढरा झाला, तरी आम्ही हललो नाही. आणि मग तू आलीस. गळ्यात शिट्टी, निळा पोशाख, पाय अनवाणी. काय तो आवाज गं तुझा! "गुडघे सरळ! पाण्याशी भांडू नका!" बारा पोरं एका ओळीत उभी, एक हू की चू नाही. आमच्या घरी सहा-सात वर्षं राहिलीस, तुझा आवाज असा आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

त्यानंतर तो जाडजूड गृहस्थ आला, कठड्याला मिठी मारून बसलेला. मी काजवालीला म्हटलं, हा काही आज सुटत नाही. पण तू त्याच्या पाठीखाली नुसता हात धरलास, काहीतरी बोललीस, आणि दोन मिनिटांत तो पाण्यावर पडून छताकडे बघत होता. वर सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात.

आणि भिंगरी! मला वाटलं, पोर फळीवरून पडली. मी ओरडलेच, "अगं, पडली, पडली!" शेजारची बाई म्हणाली, "आजी, ती उडी आहे." मग विचारलं, "तुमची कोण?" मी ताठ बसले आणि म्हटलं, "ती शिट्टीवाली माझी सून, आणि ती उडीवाली माझी नात." बाईनं लगेच सरकून मला ऐसपैस जागा दिली. खरं सांगते, अडतीस वर्षं शिवते आहे, गावभर नाव आहे, पण एवढा मान कधी मिळाला नव्हता.

मी बराच वेळ तुझ्या दंडांकडे बघत होते. काजवालीनं विचारलं, "एवढं काय बघतेस?" मी म्हटलं, खांद्याचं माप घेतेय. डोळ्यांनी माप घ्यायची सवय आहे ना मला.

तुझ्या वकीलबाईंचं पत्र मिळालं. १९ तारखेला कोर्टात यावं म्हणतात. माझ्या मुलानंही मला तेच सांगितलंय, 'आई, तू दोन वाक्यं बोल, बाकी माझे वकील बघतील.' मुलीची आई दिवसभर तलावावर असते, घरी मात्र आजी आहे, तेव्हा मुलगी त्याच्याकडे राहावी, असं त्यानं अर्जात लिहिलंय म्हणे. मला विचारून लिहिलं नाही. पण मला बाई कोर्टातलं काय कळतं? कपडा आणा, मी शिवून देते. तुम्ही दोघं शहाणे आहात, शिकलेले आहात. मला म्हातारीला त्यात ओढून काय मिळणार?

गणवेशांचं काम संपलं की भिंगरीसाठी काहीतरी शिवते. उंची कळव. पोर बांबूसारखी वाढलीय.

तुझी
सासूबाई


मंगळवार, ११ मार्च

सूनबाई,

तुझं कार्ड मिळालं. एका ओळीचं. 'आई, तलावाचं कौतुक पुरे. येणार की नाही, एवढंच लिहा.' काजवालीनं वाचलं आणि म्हणाली, "हिनं तुझेच गुडघे सरळ केले की गं." मी तिच्यावर डाफरले. मग दुपारी दुकानाचा दरवाजा लोटून घेतला, गणवेश बाजूला सारले, आणि लिहायला बसले. तीन कागद फाडलेत. हा चौथा आहे.

येणार की नाही ते सांगते. आधी थोडं ऐक. तुला यातलं बरंचसं माहीत आहे, पण मला माहीत होतं हे तुला माहीत नाही.

आमचे मास्तर, ज्यांच्याकडे मी शिलाई शिकले, त्यांची एक रीत होती. माप घेताना तोंड बंद, डोळे उघडे. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरलेला असतो, कोणाच्या पाठीला पोक असतं, कोणाचा एक हात बारीक असतो. त्याला त्याबद्दल चकार शब्द विचारायचा नाही. वहीत मापाच्या पुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं आणि कपडा असा शिवायचा की व्यंग दिसता कामा नये. मास्तर म्हणायचे, माणसानं आरशात बघितल्यावर त्याला सरळ वाटलं पाहिजे, एवढंच आपलं काम. मी ही रीत अडतीस वर्षं पाळली. माझ्या वह्यांमध्ये अख्ख्या गावाची गुपितं आहेत आणि माझ्या तोंडून एक बाहेर गेलेलं नाही. याचा मला केवढा तोरा होता, काय सांगू!

तुझं पान सतरा नंबरच्या वहीत आहे. लग्न झाल्यावरचा पहिला ड्रेस, अर्ध्या बाह्यांचा, फिकट पिवळा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, 'खांदे रुंद, पोहणारीचे. बाहीचा मुंढा मोठा ठेवणे.' मला तुझे खांदे फार आवडले होते. आठ महिन्यांनी दुसरा ड्रेस. 'डाव्या दंडावर चार बोटं उठलेली. बाही कोपराच्या खाली.' तारीख आहे. मग 'गळा बंद, उंच. मानेपाशी काळंनिळं.' तारीख आहे. मग 'दोन्ही दंड. पूर्ण बाही, अस्तर लावणे, कापड टोचू नये.' असे अकरा ड्रेस आहेत, सूनबाई. तू एकदाही मागितला नाहीस. मीच कापड आणायचे, मीच बोलवायचे, 'ये गं, माप घेते.' तू हात वर करायचीस, मी टेप लावायचे, आणि दोघी गप्प.

आणि गल्लीतल्या बायका म्हणायच्या, सासू असावी तर अशी, सुनेला एवढं नटवते! मी ते ऐकून घ्यायचे. खोटं कशाला बोलू, खूश व्हायचे.

तुला वाटत असेल, ही बाई दगडाची होती. दगडाची नव्हते गं. मला त्याशिवाय दुसरं काही करता येतं हेच माहीत नव्हतं. तुझे सासरे तू बघितले नाहीस, तुझ्या लग्नाआधीच गेले. मला आयुष्यात कोणी अर्ध्या बाह्यांमध्ये पाहिलेलं नाही. गल्लीत मला 'लांब बाहीवाल्या बाई' म्हणतात, लोकांना वाटतं ती माझी ढब आहे. ते गेल्यावरही मी तशाच बाह्या शिवत राहिले, सवयच झाली होती. तुझा नवरा नऊ वर्षांचा असताना बापाच्या हाताला कडकडून चावला होता, माझा हात सोडवायला. तेव्हा मी त्याला जवळ घेऊन म्हटलं होतं, माझा वाघ आहेस तू. त्या वाघाचं पुढं काय झालं ते मी तुला काय सांगायचं? मी फक्त एवढं म्हणते की मी ते होताना बघितलं, आणि प्रत्येक वेळी कापड आणायला गेले.

आता तुझ्या मोडलेल्या मनगटाचं.

तुला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांना 'जिन्यावरून पडली' असं मी म्हटलं होतं, ते तू ऐकलंस. तू माझ्याकडे बघितलंस आणि मान वळवलीस. पण त्याच्या आधीचं तुला माहीत नाही. त्या दुपारी मी खाली दुकानात होते. वरून आधी भांडं पडल्याचा आवाज आला. मग तू मला हाक मारलीस. 'आई' म्हणून. दोनदा. मी मशीनवर पाय ठेवला आणि मशीन चालवत राहिले. जोरात. कितीतरी वेळ. थांबले तेव्हा बघितलं, सुईत दोराच नव्हता. कापडाला नुसती भोकं पडली होती, एकही टाका नव्हता. ते कापड मी कोणाला दाखवलं नाही. जाळलं.

हे लिहून मी उठले होते. चहा केला, प्यायले नाही. आता पुढचं लिहिते, कारण खरं ते हे आहे. आत्तापर्यंतचं सगळं मी या गोष्टीपाशी यायला नको म्हणून लिहीत होते.

तू घर सोडलंस त्याच्या चार दिवस आधी भिंगरी दुकानात आली. मे महिना, पंखा गरम वारा फेकत होता, मी सारखा घाम पुसत होते. ती स्टुलावर चढली, गिऱ्हाइकं उभी राहतात तसे दोन्ही हात पसरून उभी राहिली, आणि म्हणाली, "आजी, मला लांब बाह्यांचा फ्रॉक शिव. इथपर्यंत." मनगट दाखवलं. मी म्हटलं, "वेडाबाई, उकडून मरशील." ती म्हणाली, "आई घालते. तू घालतेस. बाबांनी मारलं की दिसत नाही. मला आत्ताच शिवून ठेव."

रडत नव्हती. घाबरलेली पण नव्हती. पुढच्या वर्षी शाळेत दप्तर लागेल, तसं सांगत होती. त्यानं तोवर तिच्या अंगाला हात लावला नव्हता, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तिच्या हिशेबानं बायकांना ते होतंच, मोठं झाल्यावर.

मी काय केलं असेल? तुला हाक मारली असेल? त्याला जाब विचारला असेल? मी टेप काढला गं. बाही चौदा इंच. मी माप घेतलं, वहीत लिहिलं, आणि फ्रॉक शिवला. कफांवर छोटी फुलं काढली. आणि ऐक, वाढतं अंग आहे म्हणून बाहीत दोन बोटं कापड आत सोडलं. म्हणजे पुढची दोन वर्षं तरी पुरेल. हे मी या हातांनी केलं, पूर्ण शुद्धीत.

आणि शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहायला हवं होतं. मी लिहिलं, 'हौस म्हणून.'

अडतीस वर्षांत माझ्या वहीत तेवढं एकच खोटं आहे.

तो फ्रॉक तू बघितलास. तिला जिन्यात विचारलंस, काय सांगितलं तिनं ते मला ऐकू आलं. संध्याकाळी पाच वाजता तू एक बॅग आणि ती पोर घेऊन खाली आलीस. फ्रॉक घडी करून माझ्या टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "आई, फ्रॉक फार सुंदर झालाय." बस्स. तुला वाटलं असेल, बिचारीला ठाऊकच नाही नातीनं का मागितला ते. ही दोन वर्षं तू माझ्याशी 'हं' तरी म्हणतेस ते त्याच समजुतीवर, हे मला कळतं. म्हणून आजवर लिहिलं नाही. हे वाचून तू 'हं' म्हणणंही बंद केलंस तरी मी तक्रार करणार नाही.

जे मी चाळीस वर्षांत केलं नाही ते तू एका जिन्यावर केलंस. पायऱ्या उतरायला तुला किती वेळ लागला? अर्धा मिनिट? त्या दिवशी मला तुझा राग आला होता. आता मी जिथं जाते तिथं तुझ्याबद्दल बोलते. भाजीवालीला सांगते, बसमधल्या कंडक्टरला सांगितलं, माझी सून लोकांना बुडू देत नाही.

येणार की नाही, विचारलंस. येणार. तुझ्या वकीलबाईंना सांग. वह्या घेऊन येणार, सतरा नंबरची आणि भिंगरीच्या फ्रॉकची एकोणीस नंबरची. त्याला मी आज सकाळीच सांगितलंय, मी दोन वाक्यं नाही, सगळी वाक्यं बोलणार आहे. त्यानं काचेचं ताट भिरकावलं. मला लागलं नाही. तो वर गेला, मी काच उचलली, आणि बरं का, मशीन सुरू केलं नाही.

तुझी
(खाली काय लिहू ते या खेपेला तूच ठरव.)


शुक्रवार, २१ मार्च

प्रिय शिट्टीवाल्या बाई,

तू तिथंच होतीस, सगळं डोळ्यांनी बघितलंस, तरी मी लिहिणार. माझी पहिली साक्ष आहे, मला मिरवू दे. काजवाली परवापासून येईल त्या गिऱ्हाइकाला सांगते आहे आणि प्रत्येक वेळी त्यात थोडी भर घालते. तिच्या म्हणण्यानुसार मी टेबलावर मूठ आपटली. आपटली नाही, माझ्या हातात वह्या होत्या.

न्यायाधीशबाईंनी बसायला खुर्ची दिली, म्हटलं, नको, माप उभ्यानंच घेतात. त्या हसल्या. मग मी पान उघडलं आणि तारखा वाचल्या. एकेक. तुझ्या वकीलबाईंनी दवाखान्याचे कागद लावून ठेवले होते, तारखा जुळत गेल्या. मी मान वर केली नाही, कारण वर केली असती तर तो समोरच बसला होता. माझा मुलगा. त्याची पहिली चड्डी मी उरलेल्या कापडातून शिवली होती, खिशावर बदक होतं. वाचताना मला सारखं ते बदकच दिसत होतं.

त्याचे वकील मोठे हुशार. त्यांनी दुसरी वही उघडली. "आजीबाई, हे अक्षर तुमचंच?" म्हटलं, हो. "इथं नातीच्या फ्रॉकपुढे लिहिलंय, हौस म्हणून. म्हणजे लांब बाह्या हौसेनंही शिवतात?" मी म्हटलं, "ते खोटं आहे." त्यांना तेच हवं होतं. म्हणाले, "म्हणजे तुमच्या वहीत खोटंही असतं. मग बाकीचं खरं कशावरून?"

तुला सांगते, मी आठ दिवस डोळ्यांत तेल घालून तयारी केली होती, पण हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मग जे तोंडात आलं ते बोलले. "साहेब, बाकीचं लिहिताना मला कोणाला वाचवायचं नव्हतं. हे लिहिताना होतं." ते म्हणाले, "कोणाला? मुलाला?" मी म्हटलं, "नाही. मला."

आणि मग भिंगरी स्टुलावर काय बोलली ते मी सांगितलं. तिच्याच शब्दांत. न्यायाधीशबाई लिहिता लिहिता थांबल्या. तू खाली बघत होतीस. तू हे माझ्या पत्रात वाचलेलं होतंस, तरी खाली बघत होतीस. मी मात्र त्याच वेळी पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं होतं. त्याला हे माहीत नव्हतं, सूनबाई. आपली पोर असं काही मागून गेली हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. त्याचा मला आनंद झाला नाही. पण कळायला हवं होतं, कळलं.

निकाल तुला माहीतच आहे, पण मला लिहायला बरं वाटतं. भिंगरी तुझ्याजवळ. तो तिला भेटेल ते कोर्टाच्या खोलीत, अधिकाऱ्यांसमोर, आणि त्याआधी त्याला तिथल्या समुपदेशकांकडे जावं लागेल. जाईल का? माझ्या सांगण्यानं तर नाहीच.

बाहेर व्हरांड्यात त्यानं मला गाठलं. तू जरा लांब होतीस, तुला ऐकू आलं नसेल. म्हणाला, "आई, तू माझ्याविरुद्ध उभी राहिलीस?" मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, "इतकी वर्षं तूच झाकलंस ना?" बघ, किती खरं बोलला. इतकं खरं तो माझ्याशी नऊ वर्षांचा असतानाच बोलला असेल. मी म्हटलं, "हो रे. मीच झाकलं. आता नाही झाकणार. आणि वरची खोली महिनाअखेर रिकामी कर." तो निघून गेला. मी भिंतीला टेकून रडले, हुंदके देऊन, काजवालीच्या नव्या चष्म्यासमोर. लाज वाटली नाही. आईनं मुलासाठी रडायचं नाही असं कुठल्या कोर्टानं सांगितलंय?

मग तू आलीस. मिठी मारली नाहीस, ते बरं केलंस, मी तिथंच बसकण मारली असती. पाण्याची बाटली पुढे केलीस. मी प्यायले. तू म्हणालीस, "शनिवारी चार वाजता भिंगरीचा वर्ग असतो. या." आणि वळून गेलीस, तुझ्या त्या रुंद खांद्यांनी वाट काढत. काजवाली म्हणाली, "झालं तुझं काम!" घरी येईपर्यंत बसमध्ये दोन वेळा म्हणाली.

पण झालेलं नाही. म्हणूनच हे पत्र.

मला यायचं आहे. इतकं यायचं आहे की काल मी एकाच शर्टाला दोन डाव्या बाह्या लावल्या, असं मी शिकाऊ असतानाही केलं नव्हतं. पण मी आले तर काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. भिंगरी ओल्या अंगानं धावत येईल, मला बिलगेल, उडी कशी मारली ते सांगेल, आणि मी तिची लाडकी आजी होऊन बसेन. छान आजी. काही न कळलेली आजी. दोन वर्षं तुझ्यासमोर होते तशीच.

ते मला नको आहे. ती पाच वर्षांची पोर त्या घरात एकटी खरं बोलली. तेही माझ्याशी बोलली, मला सांगितलं की ते मोठ्या माणसाला सांगितल्यासारखं होतं म्हणून. आणि मी तिला उत्तर दिलं ते टेप लावून. तिला काय वाटलं असेल? एक तर आजीला ऐकू आलं नाही, नाहीतर आजीला ते बरोबर वाटलं. ती हे विसरली असेल, असं तू म्हणशील. नसेल तर? मोठी झाल्यावर एक दिवस तिला आठवेल, आणि तेव्हा मी नसेन. त्या दिवशी मला तिच्या आठवणीत गप्प उभं राहायचं नाही. मी खूप गप्प राहिले आहे.

म्हणून मी आले तर तिच्यासमोर बसून सांगणार आहे. 'भिंगरे, तू स्टुलावर उभी राहून जे म्हणालीस ते आजीनं ऐकलं होतं. आजीला कळलं होतं. बायकांना मार बसतोच हे खरं नाही, तसं असायचं नसतं, आणि ते तुला त्याच वेळी सांगायचं सोडून आजीनं फ्रॉक शिवला. आजी चुकली. तू बरोबर होतीस की सांगितलंस.' एवढंच. जास्त रडारड करणार नाही. ती काय म्हणेल ते म्हणू दे, माझ्याकडे पाठ फिरवून पाण्यात गेली तरी मी बाकावर बसून टाळ्या वाजवीन.

पण तिची आई तू आहेस. पोरीला काय पेलेल ते तुला कळतं, मला कळत असतं तर ही वेळ आली नसती. तेव्हा तू 'चालेल' लिहिलंस तर मी त्यापुढच्या शनिवारी साडेतीनलाच येऊन बसते. 'आत्ता नको' लिहिलंस तर थांबते, वर्ष म्हण, दोन वर्षं म्हण. पण तिला काही न सांगता नुसतं या म्हणालीस, तर मी येणार नाही. माझ्यापुढे जेवढे शनिवार आहेत त्यातला प्रत्येक मला हवा आहे, तरीही येणार नाही.

उत्तर एका ओळीचं चालेल. तुझी एक ओळ मला पुरते, हे तू सिद्ध केलंच आहेस.

तुझी हरकत नसेल तर,
भिंगरीची आजी